सणाचा वन-शॉट: सजावट नको, सणाचा नियम घ्या

प्रश्न निपाणीहून आलाय, तो थोडक्यात असा. दिवाळीत पुण्याहून आणि बंगळूरहून चुलत-मावस भावंडं घरी येतात. भाऊबीजेच्या रात्री चार तास मोकळे असतात. खेळणारे सहा जण, त्यातले तिघे डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ, कधीच न खेळलेले. एका बैठकीत संपणारं सणाचं साहस हवंय, पण तयार मिळतात ती बहुतेक नाताळची, बर्फातली. ती आपल्या अंगणात कशी आणायची?

आणू नका. आपल्या सणांत त्याहून चांगला माल पडलाय.

मी बेळगावात बारा वर्षं डीएम म्हणून, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा म्हणून, बसतोय आणि सणाचे वन-शॉट, म्हणजे एका बैठकीत संपणारी साहसं, वर्षाला तीन-चार तरी होतात. पहिला केला तो दिवाळीतच. तेव्हा मी नेहमीची गोब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसांची गुहा घेतली, गोब्लिनांच्या हातात भाल्याऐवजी भुईचक्रं दिली, खजिन्याच्या पेटीत मोहरांबरोबर करंज्या ठेवल्या आणि गुहेच्या तोंडाशी आकाशकंदील टांगला. खेळ वाईट झाला नाही. पण पसारा आवरताना मावसबहिणीनं विचारलं, "दादा, यात दिवाळी कुठं होती?" मला उत्तर देता आलं नाही. तो आकाशकंदील काढून टाकला असता तरी गोष्टीत काही फरक पडला नसता.

तेव्हापासून मी सणाची सजावट घेत नाही, सणाचा नियम घेतो. जवळजवळ प्रत्येक सणाला एक नियम असतो आणि एक मुदत असते. पंचमीला चिरायचं नाही. होळीत पडलेलं लाकूड परत काढायचं नाही. दसऱ्याला शीव ओलांडायची आणि सोनं वाटायचं. बळीराजा वर येतो तो एका दिवसापुरताच. वन-शॉटलाही याच दोन गोष्टी लागतात: खेळाडूंना नेहमीच्या सवयीनं खेळू न देणारी एक अडवणूक, आणि गोष्ट आज रात्रीच संपवणारी एक वेळ. मोठी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची गोष्ट, वर्षभर रेंगाळली तरी चालते. वन-शॉट रेंगाळला की खानापूरची शेवटची गाडी चुकते आणि शेवट न बघताच लोक उठतात.

नियम कसा चालतो हे पंचमीवरून सांगतो, कारण तिथं तो सगळ्यात स्वच्छ दिसतो.

आमच्या भागात पंचमी मोठी. मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, घरोघरी लाह्या आणि लाडू. आणि त्या दिवशी विळी घ्यायची नाही, तवा चढवायचा नाही, जमीन उकरायची नाही, नांगर धरायचा नाही. त्यामागची कहाणी आपण सगळ्यांनी ऐकलीय. शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळानं नागिणीची पिल्लं मरतात. ती चिडून त्याच्या घरातल्या सगळ्यांना दंश करते आणि उरलेल्या एका लेकीच्या मागावर तिच्या सासरी जाते. तिथं लेक पाटावर नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवत बसलेली असते. ते बघून नागीण शांत होते आणि मेलेली माणसं पुन्हा उठतात.

माझं साहस फाळ लागल्यानंतर सुरू होतं. पिल्लं गेलीत, घर आडवं पडलंय, खेळाडू म्हणजे त्या लेकीचे वाचलेले भाऊ आणि एक-दोन शेजारी. तिच्या गावी नागिणीच्या आधी पोचायचंय. प्रदेश मी कणकुंबीच्या बाजूचा घेतो, मलप्रभेचा उगम आहे तिकडचा: धो धो पाऊस, धुकं, पायाला जळवा, दहा पावलांपुढचं दिसत नाही. वाटेत तीन ठिकाणं. फुगलेला ओढा, घाटात अडवणारे लुटारू, आणि करवंदीच्या जाळीत पिल्लांसकट बसलेलं अस्वल. नागीण त्याच वाटेनं जमिनीखालून चाललीय. कागदावर सहा घरं काढायची आणि एक सोंगटी ठेवायची. प्रत्येक ठिकाण पार झालं की ती एक घर सरकते. आणि कुणी धारेनं रक्त काढलं, तलवार असो, बाण असो, सुरी असो, तर ते तिला मातीतून कळतं आणि ती लगेच आणखी एक घर सरकते. सहाव्या घरात पोचली की लेकीच्या उंबऱ्यावर.

बस, एवढाच नियम. पण टेबल बदलून जातं. काठी, सोटा, गोफण, जाळं, झोपेचा मंत्र, पळून जाणं, बोलून सुटणं, हे सगळं अचानक किमतीचं होतं. खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम इथं तुमच्या बाजूचे आहेत, कारण हातघाईच्या वारानं शत्रूचे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचा आकडा, शून्यावर आले की मारायचं की नुसतं बेशुद्ध करायचं हे वार करणाराच ठरवतो. आगीच्या मंत्रांना मी बंदी घालत नाही. पण तव्याचा नियम आठवून कुणी स्वतःहून आग टाळली तर त्याला इन्स्पिरेशन देतो, म्हणजे पुढं एकदा फासा सुधारायची बक्षिशी.

एका श्रावणात हे खेळताना घाटातला एक लुटारू शिंग घेऊन इतरांना उठवायला पळाला. रेंजर, म्हणजे रानातला शिकारी, खेळणाऱ्या पोरानं "बाण सोडतो" म्हणत वीस बाजूंचा फासा उचललासुद्धा. शेजारी बसलेल्या त्याच्या बहिणीनं त्याच्या मुठीवर हात ठेवला. "काय करूलास गा? पंचमी हाय." तो थांबला. मग म्हणाला, "डोक्याचं पागोटं सोडतो, त्यात धोंडा घालतो." गोफणीचं नुकसान चार बाजूंच्या फाशाचं, तेही ठेच्याचं, धारेचं नाही. नेमाच्या वीस बाजूंच्या फाशावर चौदा पडले, लुटारू खाली बसला. त्या रात्रीचा सगळ्यात मोठा जल्लोष त्या एका धोंड्याला मिळाला. सण सजावटीत ठेवला असता तर तो बाण सुटला असता आणि दुसऱ्या मिनिटाला विसरला गेला असता.

शेवटी लढाई नाही. नागीण उंबऱ्यावर येते, लेक नैवेद्य दाखवतेय, आणि प्रत्येक खेळाडूनं नागिणीशी बोलायचं. जे घडलं ते कबूल करायचं, स्वतःच्या शब्दांत. मग सगळ्यांच्या वतीनं एकानं पर्सुएशनचा रोल करायचा, म्हणजे मन वळवायला फासा टाकायचा. डीसी, म्हणजे फाशानं गाठायचा आकडा, २० पासून सुरू करतो आणि रक्ताविना पार पडलेल्या प्रत्येक ठिकाणासाठी २ कमी करतो, म्हणजे तिन्ही स्वच्छ गेले तर १४. नागिणीचे हिट पॉइंट मी लिहूनच ठेवत नाही. लिहिलेले असले की खेळाडूंना त्याचा वास लागतो आणि कुणीतरी तलवारीकडे हात नेतं.

आता तुमची भाऊबीज. तुमच्यासाठी माझी पसंती एकच: किल्ला.

पोरं अंगणात किल्ला करतात. दगड-विटांवर पोतं, त्यावर लाल मातीचा चिखल, उतारावर पेरलेले अळीव, वर सिंहासन, पायऱ्यापायऱ्यांवर चिखलाचे मावळे. खेळाडू म्हणजे हे मावळे. रात्री घर झोपलं की ते हलायला लागतात. वरचा झेंडा नाहीसा झालाय, उंदरानं तो पोत्याखालच्या बिळात ओढून नेलाय. पोर पहाटे उठून पहिलं किल्ल्याकडं धावणार, त्याच्या आत झेंडा जागेवर हवा. पोराच्या डोळ्यांदेखत मावळ्यानं हलायचं नाही, हा नियम. आणि पहाट ही मुदत.

या साहसाच्या पोटात जे जे आहे ते सगळं तुमच्या अंगणातच आहे. अळीवाचं रान म्हणजे दाट जंगल, तिथं चाल निम्मी. परतीचा पाऊस दिवाळीत कधीकधी गाठतोच, आणि मावळे कच्च्या चिखलाचे. म्हणून पाण्याचा प्रत्येक थेंब म्हणजे सहा बाजूंचा एक फासा नुकसान. गल्लीत कुठंतरी बॉम्ब वाजला की जमीन हादरते: डेक्स्टेरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईनं वाचायचा रोल, डीसी १२, चुकला तो आडवा. मी हे फटाके ठरवून ठेवत नाही. खेळताना बाहेर खरोखर आवाज झाला की त्या क्षणी सगळ्यांना रोल करायला लावतो. नवीन खेळाडूला सेव्ह म्हणजे काय हे एवढ्या लवकर दुसऱ्या कशानंच कळत नाही.

आणि पाल. तुळशीवृंदावनाच्या भिंतीवर बसलेली पाल हा या साहसाचा ड्रॅगन. तिच्यासाठी जायंट क्रोकोडाइलचे आकडे घ्या: आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १४, हिट पॉइंट ८५, भिंतीवर चढणं आपण जोडायचं. तिसऱ्या लेव्हलचा, म्हणजे ताकदीच्या तिसऱ्या पायरीवरचा, जादूगार तिच्या एका चाव्यात आडवा होऊ शकतो, हे खेळाडूंना आधीच दिसू द्या. तिला एखादा मोठा झुरळ-योद्धा त्यांच्यासमोर गिळताना दाखवा. तिचे हिट पॉइंट निम्मे झाले की ती शेपूट टाकून पळते. शेपूट मात्र लढाईच्या दोन फेऱ्या तिथंच वळवळत, धडपडत राहते आणि ज्याला लागेल त्याला उडवते. मारायची गरज नाही, घालवायची गरज आहे. हे एकानं ओळखलं की बाकीचे ओरडायला लागतात.

वेळ मोजायला मी टेबलावर सहा पणत्या ठेवतो. आधी त्या सगळ्या पेटवून दर अर्ध्या तासानं एक विझवायचा बेत होता. आमच्या आजीनं तो पहिल्याच वर्षी मोडला: दिवाळीत दिवा विझवायचा नाही. तिचं बरोबरच होतं, आणि खेळालाही तेच बरं पडलं. आता दर अर्ध्या तासाला एक पणती लावतो. उजेड वाढत जातो, म्हणजे पहाट जवळ येत जाते. सहावी लागली की दार उघडल्याचा आवाज करायचा आणि सगळ्यांना विचारायचं, "पोर बाहेर आलंय. तू कुठं आहेस आणि कसा उभा आहेस?" प्रत्येक जण आपल्या मावळ्याची पोझ सांगतो, शक्य तर उठून करून दाखवतो. एकदा एकीचा मावळा झेंड्याची काठी दोन्ही हातांनी धरून, अर्धा हात पावसात विरघळलेला, तसाच थिजला. टेबलावर कुणी बोललं नाही.

सिंहासनाबद्दल एक सांगतो. महाराजांच्या तोंडी मी वाक्य घालत नाही आणि त्यांना आकडे देत नाही. ते वर बसलेले आहेत, मावळ्यांना ते दिसतात, तेवढं पुरेसं असतं. देवांबाबतही हेच. एका नवरात्रात मी महिषासुराशी लढाई ठेवली होती आणि खेळाडूंना देवीच्या जागी उभं केलं होतं. शेजारच्या खोलीत घट बसलेला. ज्यांच्या घरी खेळत होतो त्या आजी काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त मधलं दार लावून घेतलं. ज्याची घरात पूजा होते त्याला हिट पॉइंट द्यायचे नाहीत, हे मला त्या दारानं शिकवलं. सणाचे नियम घ्या, सणाची माणसं घ्या, देवांना त्यांच्या जागी राहू द्या.

दसऱ्याचा एक मी खूप जपून वापरतो. सीमोल्लंघन हा शब्द आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कौत्साची गोष्ट आठवा: गुरूनं चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले, कुबेरानं आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पाडला, कौत्सानं हवं तेवढंच घेतलं आणि उरलेलं लोकांनी लुटलं. माझ्या साहसात शिवेपलीकडं एक गाव आहे, तिथं सोनं लुटलं पण कुणी कुणाला दिलं नाही. आता माणसं हळूहळू धातूची होत चाललीत. बोटांपासून सुरुवात. दिवस मावळायच्या आत त्यांना एकमेकांना सोनं द्यायला लावायचं. प्रत्येक खेळाडूला मी दोन पानं देतो. पान स्वतःसाठी वापरता येत नाही. दुसऱ्याला दिलं तर घेणाऱ्याला पुढच्या रोलवर ॲडव्हांटेज, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा, आणि पान त्याच्याकडं जातं. एक पान एका प्रसंगात एकदाच हात बदलतं, नाहीतर हिशेब बिघडतो. पानं कागदाची कापा. आपट्याची झाडं दर वर्षी ओरबाडली जातात, त्यात आपली भर नको.

पान देताना काय म्हणायचं यावर आमच्या टेबलावर मजा झाली. कुणी "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत होतं. एका गोकाकच्या मित्रानं पान पुढं केलं आणि म्हणाला, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." त्यांच्याकडं आपट्याऐवजी बन्नी, म्हणजे शमी. त्यानंतर प्रत्येकानं दोन्ही म्हणायचं असं टेबलानंच ठरवून टाकलं.

यावरून भाषेचं. खेळात एल्विश, ड्वार्विश अशा भाषा असतात आणि त्या कुणाला येतात, कुणाला नाही. नव्या माणसाला त्या नुसत्या यादीतल्या ओळी वाटतात. तुमच्याकडं पुण्याची भावंडं आहेत आणि बंगळूरची आहेत. मग एल्विश म्हणजे कन्नड करून टाका. बिळातला म्हातारा उंदीर कन्नडच बोलेल. पुण्याच्या भावाला बंगळूरच्या बहिणीकडं बघावंच लागेल, आणि ती काय सांगते त्यावर विश्वास ठेवावा लागेल. एका वाक्यापुरतं कन्नड तुम्हाला येत असेलच, नसेल तर शेजारून शिकून घ्या.

बाकी सणांचं भराभर सांगतो. होळी म्हणजे सरळ चोरीचं साहस. दुसऱ्या गल्लीची लाकडं पळवायची, आणि होळीत पडलेलं परत काढायचं नाही हा नियम. अशा वेळी पोरांनी चुकून जादूगाराच्या घराचं दार उचलून आणलंय, ते दार कुठंतरी उघडतं, आणि होळी पेटायला तीन तास आहेत. बलिप्रतिपदेला पाताळातून एका दिवसासाठी राजा वर येतो. त्याला "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणणारं एक तरी घर गावात उरलंय का, हे खेळाडूंनी शोधायचं. बेंदराला बैलांना कामाला जुंपायचं नाही, म्हणून ज्या गाडीतून औषध न्यायचंय ती खेळाडूंनी ओढायची. ईदचा मी चालवत नाही. चांद दिसल्याशिवाय ईद नाही, हा आयता नियम आहे. पण तो आमच्यातल्या ज्या मित्राच्या घरी चांदरात असते त्याला चालवायला दिला, आणि ढगांमागं चंद्र लपवून बसलेला त्याचा म्हातारा पक्षी मला कधीच सुचला नसता. नाताळ ज्यांच्या घरी आहे त्यांनाही डीएमच्या खुर्चीत बसवा.

तयारीचं आता. नवे तिघे आहेत, म्हणजे कॅरेक्टर, खेळाडूंनी वठवायची पात्रं, तुम्ही आधी करून ठेवायची, तिसऱ्या लेव्हलची. पहिल्या लेव्हलला माणूस एका वाईट रोलमध्ये मरतो आणि रात्रभर बघत बसतो. पाचव्या लेव्हलला वाचायलाच इतकं असतं की फराळ संपतो. प्रत्येकाला अर्ध्या पानाचं मराठी कार्ड द्या: तू कशात पटाईत, वार करताना काय टाकायचं, तुझी एक खास गोष्ट, आणि या टेबलावरच्या एका माणसाशी तुझं काय नातं. ते शेवटचं विसरू नका. "उजवीकडच्या मावळ्याचा तुटलेला हात तू डिंकानं चिकटवलास" एवढ्या एका ओळीवर नवा खेळाडू तासभर खेळतो. मूळ नियमांचा ५.१ संच २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहे, त्यामुळं त्यातलं श्रेय देऊन मराठीत करून घ्यायला काही अडचण नाही.

चार तास हातात असले तरी तीन तासांचंच धरा. वीस मिनिटं सुरुवात, तीन प्रसंग पाऊण-पाऊण तासाचे, शेवटाला पंचवीस-तीस मिनिटं. उरलेला तास ओवाळणीत, चहात आणि उशिरा येणाऱ्या मामाच्या वाट बघण्यात जातो. अर्ध्या वाटेवर उशीर झाला असं दिसलं तर मधला प्रसंग सरळ उडवा. शेवट कधी उडवू नका. फाशांचे दोन संच सहा जणांना पुरतात. हिट पॉइंट मोजायला चिरमुरे देऊ नका, खाऊन टाकतात. चिंचोके द्या.

आणि तुमच्या अंगणात यंदा पोरांनी किल्ला केला असेल तर नकाशा काढत बसू नका. सतरंजी किल्ल्याशेजारीच टाका, पोराला विचारून मावळे हातात घ्या, आणि पहिली पणती त्यालाच लावू द्या.